तोळा आणि घडणावळ



सोनाराच्या दुकानात दोन प्रकारची माणसे जातात. काही दागिना घडवावयास जातात आणि काही दागिना मोडावयास. घडवावयास जाणाऱ्यांची चाल वेगळी असते, मोडावयास जाणाऱ्यांची वेगळी असते. पण या दोघांमधला खरा फरक पाहावयाचा असेल तर तो हिशेबाच्या चिठ्ठीत पाहावा. घडवताना आपण दोन रकमा देतो, एक सोन्याची आणि दुसरी घडणावळीची. मोडताना मात्र एकच रक्कम परत मिळते. दागिना तराजूच्या पारड्यात पडतो, आत लाख भरलेली असेल तर तिचे वजन वजा होते, कसोटीवर कस लावून पाहिला जातो आणि उरलेल्या सोन्याचा त्या दिवशीचा भाव आपल्या हातावर ठेवला जातो. ज्या कारागिराने शेगडीपुढे वाकून, फुंकणी फुंकून, डोळ्यांत प्राण आणून एकेक रवा बसवला, त्याच्या श्रमाची त्या हिशेबात एक पैसुद्धा नसते. ‘घडणावळ बुडाली’ असे आपण म्हणतो, आणि ते इतक्या सहजपणे म्हणतो की, काय बुडाले याचा विचार मनाला शिवत नाही. बुडालेली वस्तू म्हणजे कला असते.

आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे तो या बुडालेल्या घडणावळीचा इतिहास. तो सबंध सांगू म्हटले तर एक व्याख्यानमाला पुरणार नाही. म्हणून साधारणपणे १९४० ते १९६६ हा पाव शतकाचा काळ मी निवडला आहे. या काळात जगात आणि आपल्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या रीतींनी विचारला गेला: दागिन्याची किंमत कशात असते, त्याच्या वजनात की त्याच्या घडणीत? तिकडे हा प्रश्न कलावंतांनी विचारला, आपल्याकडे तो सरकारने विचारला. तिकडे उत्तरादाखल प्रदर्शने भरली. आपल्याकडे हजारो सोनारांच्या शेगड्या विझल्या. एकाच प्रश्नाचे असे दोन परिणाम का व्हावेत, हे समजून घेणे शिरूर-दौंडसारख्या गावांतील श्रोत्यांना परके वाटू नये. कारण या इतिहासाची सगळी पात्रे, शेतकरी, सावकार, सोनार आणि गृहिणी, आपल्याच पेठेत वावरलेली आहेत.

प्रथम जगाकडे पाहू. अलेक्झांडर काल्डर हा अमेरिकन शिल्पकार वाऱ्याच्या झुळकीबरोबर हलणाऱ्या शिल्पांसाठी प्रसिद्ध आहे. त्याला दागिने करण्याचाही छंद होता. पितळेची किंवा चांदीची तार घ्यावी, हातोडीने ठोकून चपटी करावी, तिला वेढे द्यावेत आणि त्यातून गळ्यातले, कर्णभूषण, ब्रोच तयार करावे, अशी त्याची रीत. डाक देण्याच्या भानगडीत तो सहसा पडत नसे. तारेला तार अडकवूनच जोड साधत असे. १९४० साली न्यूयॉर्कच्या विलर्ड गॅलरीत त्याच्या दागिन्यांचे प्रदर्शन भरले. आता विचार करा, हे दागिने आपल्या सोनाराकडे मोडावयास नेले असते तर काय मिळाले असते? पितळेचा भाव! आणि तरीही कलेची जाण असलेली माणसे ते अभिमानाने वापरीत, कारण त्या वेढ्यांमध्ये काल्डरचा हात होता.

त्याच सुमारास ॲनी आल्बर्स ही विणकर कलावती आणि तिचा विद्यार्थी ॲलेक्स रीड यांनी तर कमालच केली. लोखंडी सामानाच्या दुकानात मिळणारे वॉशर, कागद अडकवण्याच्या टाचण्या, मोरीच्या तोंडावर बसवावयाची जाळी अशा वस्तूंपासून त्यांनी कंठे तयार केले. १९४६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने हाताने घडवलेल्या आधुनिक दागिन्यांचे प्रदर्शन भरवले तेव्हा काल्डरच्या तारांबरोबर हे वॉशरांचे कंठेही तेथे मांडलेले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्गारेट डी पाटा या बाईंनी स्फटिकासारखे स्वस्त खडे अशा कोनांत कापून घेतले की, त्यांतून पाहिले असता मागची तार वाकलेली, दुणावलेली दिसावी. म्हणजे खड्याचे मोल त्याच्या दुर्मिळतेवरून उठून प्रकाशाच्या खेळावर येऊन बसले. याच्या अगदी उलट टोकाला साल्वादोर दाली हा विक्षिप्त चित्रकार. त्याने सोने आणि माणके यांचे एक हृदय करवून घेतले. त्यात यंत्र बसवलेले असल्यामुळे ते धडधडत असे. त्याला सोन्याचे वावडे नव्हते. परंतु त्या वस्तूकडे पाहणारा मनुष्य ‘हे किती तोळ्यांचे?’ असे विचारीत नसे, ‘हे कोणाला सुचले?’ असे विचारीत असे.

या चळवळीला मोठी मान्यता मिळाली ती लंडनमध्ये, आणि तीही सोनारांच्याच घरी. लंडनच्या सोनारांची श्रेणी फार जुनी, तिला १३२७ साली राजाची सनद मिळालेली. तिच्या सभागृहात म्हणजे ‘हॉल’मध्ये दागिन्यांवर शुद्धतेची मुद्रा उमटवली जाई, आज आपण जो ‘हॉलमार्क’ पाहून सोने घेतो त्याचे नाव तेथूनच आले. त्या सभागृहात १९६१ साली आधुनिक दागिन्यांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. जेथे शतकानुशतके शुद्धता तोलली गेली तेथेच आता कल्पकता तोलली जाऊ लागली. चित्रकारांना आणि शिल्पकारांनाही दागिन्यांची कल्पना करावयास आमंत्रण होते. त्यांनी मेणात नमुने करावेत आणि कारागिरांनी ते सोन्यात ओतावेत अशी योजना होती. त्यानंतर इंग्लंडात दागिना घडवणाऱ्याचे नाव दागिन्याबरोबर सांगितले जाऊ लागले. या सगळ्या खटाटोपाचे सार हे की, घडणावळीने तोळ्यावर मात केली.

आपण म्हणाल, ही सातासमुद्रांपलीकडची गोष्ट झाली. तिच्याशी मराठी माणसाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या घराजवळूनच सुरू होतो. बडोद्याचे गायकवाड हे मूळचे शिरूरच्या शेजारच्या खेड तालुक्यातील दावडीचे. इंदूरचे होळकर नीरेकाठच्या होळचे. या दोन घराण्यांनी विसाव्या शतकात पॅरिसच्या जवाहिऱ्यांना अशी कामे दिली की, त्यांची नोंद दागिन्यांच्या इतिहासाला घ्यावी लागली.

इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १९१३ साली पॅरिसच्या शोमे या पेढीकडून लंबकाच्या आकाराचे दोन हिरे विकत घेतले. प्रत्येक हिरा सुमारे सत्तेचाळीस कॅरटचा. त्यांचे चिरंजीव यशवंतराव होळकर हे नव्या कलेचे मोठे भोक्ते. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी इंदूरला ‘माणिकबाग’ राजवाडा सजवून घेतला आणि दागिन्यांसाठी पॅरिसच्या मोबुसँ या पेढीची योजना केली. बर्नार बूते द मॉन्वेल या फ्रेंच चित्रकाराने काढलेल्या त्यांच्या चित्रात महाराज मराठेशाही पोशाखात बसलेले आहेत आणि गळ्यात ते दोन हिरे आहेत. पोशाख परंपरेचा, कोंदण नव्या युगाचे! पुढे १९४६ साली ते हिरे अमेरिकन जवाहीर हॅरी विन्स्टन याच्याकडे गेले.

बडोद्याच्या महाराणी सीतादेवींची गोष्ट याहून चटकदार आहे. व्हॅन क्लीफ आणि आर्पेल्स या पॅरिसच्या पेढीने सुमारे १९५० साली त्यांच्यासाठी पाचू आणि हिरे यांचा एक हार घडवला. त्याची आकृती कमळाची, खाली लोंबणारे पाचू आपल्या लोलकांसारखे. म्हणजे घाट हिंदुस्थानी आणि हात फ्रेंच. त्यांच्याजवळ पाचू-हिऱ्यांचे पैंजणही होते. सोने पायात घालू नये असा आपल्याकडे संकेत आहे. राजघराण्यांना मात्र तो लागू नव्हता. ते पैंजण १९५३ साली हॅरी विन्स्टनने घेतले, त्यांतील रत्नांचा नवा हार केला आणि तो विंडसरच्या डचेसने खरेदी केला. १९५७ साली न्यूयॉर्कच्या एका समारंभात डचेसबाई तो हार घालून आल्या, लोक वाहवा करू लागले, तेव्हा तेथेच असलेल्या सीतादेवी म्हणाल्या की, ही रत्ने माझ्या पायांतही इतकीच शोभत होती! डचेसने तो हार परत करून टाकला, असे सांगतात.

ही कथा ऐकून आपण हसतो, पण तिच्यात आपल्या विषयाचे मर्म आहे. पैंजण मोडले, हार झाला. रत्ने तीच राहिली. पॅरिसच्या पेढ्यांची आणि न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याची नावे आपल्याला ठाऊक आहेत. पण ते मूळचे पैंजण ज्या कारागिराने घडवले त्याचे नाव या कथेत कोणीही घेत नाही. त्याची घडणावळ तेथेही बुडालीच.

आता राजवाड्यातून आपल्या पेठेत येऊ. आमच्या सोनारांना प्रयोग ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. कोल्हापुरी साज पाहा. त्यात एकवीस पाने. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एक ताइताचे. कासव, मासा, नृसिंह यांच्या आकृती नखाएवढ्या पानात बसवावयाच्या आणि त्यांचा तोल असा साधावयाचा की, गळ्यात घातल्यावर एकही पान उलटे पडू नये. बोरमाळेचा मणी पाहा. दिसावयास टपोरे बोर, पण आत पोकळ. पातळ पत्र्याचा मणी करून आत लाख भरलेली. ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक, मोहनमाळ, पाटल्या, बुगडी, यांतील प्रत्येक घाटामागे कोणा एकाची पहिली कल्पना आणि मागच्या दहा पिढ्यांची दुरुस्ती आहे. थोड्या सोन्यात भरघोस दिसणारा दागिना करणे हीच आमच्या सोनाराची खरी प्रयोगशाळा होती, कारण त्याचे गिऱ्हाईक गरीब होते. ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण वरवर संसारातली वाटते, पण ती मुळात प्रमाणबद्धतेची, म्हणजे सौंदर्यशास्त्राची म्हण आहे.

हे सर्व असूनही आमच्या गिऱ्हाइकाने सोनाराला घडणावळ दिली ती हात आखडूनच. हा दोष कंजूषपणाचा म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. येथे या भागाचा इतिहास आठवला पाहिजे. दौंडचा परिसर जुन्या भीमथडी तालुक्याचा. या भीमथडीतील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांचा उठाव झाला, तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला, शिरूर तालुकाही त्यातून सुटला नाही. शेतकरी सावकाराच्या दारी जाऊन काय मागत होते? धान्य नव्हे, पैसा नव्हे. ते कर्जरोखे मागत होते आणि ते मिळताच जाळीत होते. चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. अवर्षणाच्या या प्रदेशात जमीन सावकाराकडे, बैल कर्जाचे आणि पीक आभाळाच्या हाती. अशा घरात संकटाला उपयोगी पडणारी वस्तू एकच, बाईच्या अंगावरचे डाग. अर्ध्या रात्री गहाण टाकता येईल, बाजारात नेऊन मोडता येईल, पेटीत लपवता येईल अशी पेढी दुसरी कोणती होती? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापर्यंत वारसाहक्काने आलेल्या जमिनीवर स्त्रीची पूर्ण मालकी बहुधा नसे; स्त्रीधन मात्र तिचे स्वतःचे. म्हणून तिने तोळ्याकडे पाहिले, घडणीकडे नंतर पाहिले. जिला दागिना केव्हातरी मोडावा लागणार हे ठाऊक आहे, तिने बुडणाऱ्या रकमेवर फार खर्च का करावा?

हा हिशेब मनात ठेवूनच १९६३ सालाकडे वळले पाहिजे.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी गावोगाव सभा भरल्या आणि स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. सोने देशाच्या कामी यावे म्हणून सरकारने सुवर्णरोखे काढले. पण अडचण भावाची होती. जागतिक भाव औंसाला ३५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने दहा ग्रॅमला सुमारे ५३ रुपये ५८ पैसे. आणि आपल्या बाजारातला भाव त्याच्या दुपटीच्या घरात. या तफावतीमुळे चोरटे सोने समुद्रमार्गाने येत असे आणि त्यापायी परकीय चलन देशाबाहेर जात असे. लोकांची सोन्याची ओढच कमी केली तर हे सगळे थांबेल, असा विचार करून अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्णनियंत्रण पुकारले. लगडी आणि नाणी यांच्या रूपातले सोने जाहीर करावे लागले, आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडवावयास बंदी झाली.

चौदा कॅरट म्हणजे काय, ते जुन्या मापात सांगतो. आठ गुंजांचा मासा, बारा मासे म्हणजे तोळा. शुद्ध सोने चोवीस कॅरटचे. तेव्हा बावीस कॅरटच्या एका तोळ्यात अकरा मासे सोने आणि एक मासा हीण. चौदा कॅरटच्या तोळ्यात सात मासे सोने आणि पाच मासे हीण. अकरा माशांवरून सात माशांवर येणे, हा त्या कायद्याचा अर्थ होता.

सरकारच्या बाजूने बोलावयाचे तर यात विचित्र असे काही नव्हते. अमेरिकेत चौदा कॅरटचा दागिना नित्याचा आहे, इंग्लंडात नऊ कॅरटचाही चालतो. हिणाने सोने टणक होते, झिजत कमी, खडा घट्ट धरते. कागदावर पाहिले तर हा कायदा म्हणजे लंडनच्या प्रदर्शनाचाच सिद्धान्त होता. सोन्याचा अंश उतरवा. दागिन्याला शोभा येईल ती घडणीने येईल. जे काल्डर पितळेत करीत होता ते आमच्या सोनाराने सात मासे सोन्यात करावे, एवढीच तर अपेक्षा! स्वतंत्र भारतात दागिन्याच्या क्षेत्रातला एवढा मोठा प्रयोग दुसरा झाला नाही. पण प्रयोग करणारा शेगडीपुढे बसलेला नव्हता, आणि जो शेगडीपुढे बसला होता त्याला कोणी विचारले नव्हते.

पहिली अडचण धातूचीच आली. बावीस कॅरटचे सोने मऊ, लवचीक. त्याची केसासारखी तार निघते, ठशावर ठोकले की नाकीडोळी उमटते. पिढ्यान्‌पिढ्यांचा हात या मऊपणाला सरावलेला. चौदा कॅरटचे सोने उसळी घेते, पुनःपुन्हा तापवून मऊ करावे लागते, आणि त्यातले तांबे तापवल्यावर काळे पडते. तांबे अधिक घातले तर रंग लालसर, चांदी अधिक घातली तर फिकट. तो ओळखीचा पिवळा उजाळा येत नाही. डाक जुना चालत नाही, कारण दागिना आणि डाक यांच्या वितळण्यात अंतर राखावे लागते. कुंदनाच्या कामात तर शुद्ध सोन्याचा पातळ वर्ख खड्याभोवती दाबून बसवतात. तेथे सोन्याचा मऊपणा हाच कारागिराचा आधार. अशा माणसाला जानेवारीत सांगावयाचे की उद्यापासून दुसऱ्या धातूत काम कर, म्हणजे बासरी वाजवणाऱ्याच्या हाती तुतारी देऊन मैफल मागण्यासारखे आहे.

दुसरी अडचण भाषेची होती, आणि ती धातूहून चिवट निघाली. आपल्या भाषेत खऱ्या माणसाला बावनकशी म्हणतात आणि हलक्या वृत्तीला हिणकस म्हणतात. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही थट्टा आपण पोरपणापासून ऐकतो. सोन्याची शुद्धता हा आपल्याकडे केवळ रसायनाचा विषय नाही. तो शब्दाचा, अब्रूचा, नात्याचा विषय आहे. जिने मंगळसूत्र ल्यायचे तिने त्यातले पाच मासे हीण कसे पत्करावे? आणि मुलीला द्यावयाच्या पाटल्यांत हीण आहे हे व्याह्यांना कोणी कसे सांगावे? जुने शुद्ध दागिने ठेवावयास बंदी नव्हती. तेव्हा सामान्य गृहस्थाने साधा मार्ग काढला: नवे काही घडवावयाचेच नाही.

आणि येथे सारा भार सोनारावर आला. ज्याच्याजवळ सोने होते त्याचे सोने कुठे गेले नाही. ज्याच्याजवळ फक्त हात होते त्याचे हात रिकामे झाले. मोठ्या पेढीला भांडवल असते, ती वर्ष-दोन वर्षे तग धरते. पण तालुक्याच्या गावात एक ऐरण, एक शेगडी आणि गिऱ्हाइकाने आणून दिलेले सोने यांवर जगणारा कारागीर आठवड्याच्या बाजारावर पोट भरीत असतो. देशभर लाखोंच्या संख्येने अशी कुटुंबे उघडी पडली. सोनारांनी जीव दिल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागल्या, संसदेत त्यावर प्रक्षुब्ध चर्चा झाल्या. सरकारने कर्जे, मुलांच्या शिक्षणाच्या सवलती, दुसऱ्या नोकऱ्यांची सोय असे उपाय योजले; पण चाळीस वर्षे नथीची तार वळणाऱ्याला अर्ज लिहावयास बसवणे हे काही पुनर्वसन नव्हे. त्याच वर्षी पुढे गिऱ्हाइकाचा जुना दागिना मोडून त्याच शुद्धतेचा नवा करून देण्यास कारागिरांना मुभा मिळाली आणि १९६६ साली चौदा कॅरटचा नियम रद्द झाला. निर्बंधांचे जाळे मात्र १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्याच्या रूपाने राहिले; तो कायदा १९९० साली रद्द झाला. चोरटे सोने त्या सबंध काळात येतच राहिले.

या इतिहासातून धडा कोणता घ्यावा? ‘लोक अडाणी, त्यांना नवी कला कळली नाही’ असे म्हणणे सोपे आहे. ‘सरकारला लोक कळले नाहीत’ असे म्हणणे त्याहूनही सोपे. दोन्ही अपुरे आहे. लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये घडणावळीने तोळ्यावर मात केली, कारण तेथे घडणावळीला उभे राहण्याची जागा होती. दागिना विकत घेणाऱ्या बाईला अडीअडचणीसाठी बँक होती, विमा होता, पगार होता. तिला दागिना मोडावा लागणार नव्हता. कलावंताला शाळा होती, संग्रहालय होते, त्याचे नाव छापणारे वर्तमानपत्र होते. आपल्याकडे यांतले काहीही उभे न करता केवळ तोळ्याखालचा पाट काढून घेतला. तोळा घसरला, आणि त्याच्या आधाराने उभी असलेली घडणावळही त्याच्याबरोबर कोसळली. कलेचा प्रयोग हा स्वेच्छेचा असावा लागतो, आणि तो फसला तर त्याचे नुकसान सोसण्याची ऐपत प्रयोग करणाऱ्याजवळ असावी लागते. १९६३ च्या प्रयोगाचे नुकसान ज्यांनी सोसले त्यांनी तो आरंभलाच नव्हता.

आता काळाने उगवलेला सूड पाहा. २०२१ च्या जूनपासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. त्यात मान्य केलेल्या प्रतींमध्ये बावीस आणि अठरा यांच्याबरोबर चौदा कॅरटचेही नाव आहे. ज्या चौदा कॅरटने एके काळी सोनाराची चूल विझवली, त्या चौदा कॅरटची नाजूक, खड्यांची अंगठी आज नोकरी करणारी मुलगी आपल्या पगारातून हौसेने घेते. तिला कायद्याने भाग पाडलेले नाही. तिच्या नावावर बँकेत खाते आहे. म्हणून तिला दागिन्याची पेढी करावी लागत नाही आणि ती त्याचा घाट पाहू शकते. जे हुकमाने झाले नाही ते स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा आल्याने आपसुख होऊ लागले आहे.

परंतु एक प्रश्न अजून तसाच आहे, आणि तो आपल्यापुढे ठेवून मी आपली रजा घेतो. त्या नव्या अंगठीचे बरेचसे काम साचा आणि यंत्र करते. तिच्यावर शुद्धतेची मुद्रा आहे, तपासणीचा क्रमांक आहे. घडवणाऱ्याचे नाव नाही. कोल्हापूर जिल्ह्यात हुपरीला चांदीचे कारागीर गावभर आहेत, पुण्याच्या आणि आपल्या पेठांतूनही नथ गुंफणारे, ठुशी ओवणारे हात अजून आहेत. त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? काल्डरने ठोकलेली पितळेची तार त्याच्या नावामुळे संग्रहालयात जपली जाते, आणि आपल्या आजीची बोरमाळ आपण भाव चढला म्हणून मोडून येतो.

पुढच्या वेळी घरातला जुना दागिना मोडावयास काढाल तेव्हा मोडा, गरज असेल तर अवश्य मोडा. तो त्यासाठीच आहे, हे मी आरंभापासून सांगत आलो आहे. पण तराजूवर जाण्यापूर्वी तो एकदा उजेडात धरून पाहा. घरात कोणाला ठाऊक असेल तर तो कोणी घडवला ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पावतीवर ती रक्कम कधी येणार नाही. आपण ती निदान आठवणीत तरी बुडू देऊ नये.